बेचाळीस मीटरवरचा आवाज : गिरगावच्या वाड्या, एक लांब तार आणि शोध घेणारी व्हॅन

धागा जरा मोठा आहे, सवडीने वाचावा.

ऑगस्ट १९४२च्या अखेरीस मुंबईत ज्यांच्या घरी शॉर्टवेव्हचा रेडिओ होता, त्यांच्यापैकी काहींना संध्याकाळी काटा फिरवताना एक अनोळखी स्टेशन लागू लागले. निवेदिका सांगे की हा काँग्रेस रेडिओ आहे, तो ४२.३४ मीटरवर बोलतो आहे आणि भारतात कुठूनतरी बोलतो आहे. तरंगलांबी दशांशापर्यंत नेमकी आणि पत्ता मात्र ‘कुठेतरी’! आजचा धागा या दोन गोष्टींमधल्या अंतराविषयी आहे, कारण ज्याला ४२.३४ हा आकडा कळला त्याला पत्ता शोधण्याचे अर्धे साधन आपोआप मिळालेले असते.

ही कथा अनेकांना २०२४ साली आलेल्या ‘ऐ वतन मेरे वतन’ या चित्रपटामुळे ठाऊक झाली. त्यात उषा मेहता आहेत, देशभक्ती आहे, पाठलागही आहे. पण हे स्टेशन चालवणे तांत्रिकदृष्ट्या किती अवघड होते आणि ते शोधणेही सरकारला इतके जड का गेले, याविषयी मराठीत फारसे बोलले जात नाही. ते समजून घ्यायला थोडे बिनतारी शास्त्र लागेल. घाबरू नका, शाळेतला गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

आधी पार्श्वभूमी. ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला आणि ९ तारखेची पहाट उजाडते न उजाडते तोच गांधीजींसह सारे वरिष्ठ नेते अटकेत गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ सरकारचाच. उषाबेन त्याला ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज त्याच वर्षाच्या आरंभापासून ऐकू येत होता, पण तो परदेशातून. देशाच्या आतून, देशातल्या बातम्या सांगणारा आवाज नव्हता. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर येथे ऑगस्टच्या मध्यावर काय घडले, हे मुंबईकराला कळायला जवळपास कोणताच खुला मार्ग उरला नव्हता. काँग्रेस रेडिओने ज्या बातम्या प्रथम सांगितल्या त्यांत आष्टी-चिमूरच्या बातम्या होत्या, जमशेदपूरच्या संपाची होती, चितगावावरील बॉम्बहल्ल्याचीही होती.

हे करणारी माणसे कोण? उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या, विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. सोबत विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी. पैशांची जुळवाजुळव मुख्यतः बाबूभाईंची. पुढे डॉ. राममनोहर लोहिया या कामाशी जोडले गेले आणि भाषणांना धार आली. ध्वनिक्षेपकांसाठी तेव्हा गाजलेल्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने यांचेही नाव पुढे खटल्यात आले.

मात्र या सर्वांना प्रक्षेपक बांधता येत नव्हता. त्यासाठी लागणारा माणूस म्हणजे नरिमन प्रिंटर. हे मुंबईतले हौशी रेडिओवाले, म्हणजे आजच्या भाषेत ‘हॅम’. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने थांबवले आणि प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम काढले. शत्रूचे हस्तक त्यांचा वापर करतील ही भीती होती. पण यंत्र जप्त करता येते, ते बांधण्याची विद्या जप्त करता येत नाही. व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर असे सुटे भाग जमवून प्रक्षेपक उभा राहिला तो याच विद्येच्या जोरावर.

येथे विलायतेतली एक समांतर गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथेही हौशी लोकांचे प्रक्षेपक काढून घेतले गेले, पण त्यांचे कान सरकारने कामाला लावले. रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस नावाच्या गुप्त यंत्रणेने शेकडो हौशी मंडळींना घरबसल्या शत्रूचे संकेत टिपण्याचे काम दिले. एकाच छंदातले लोक : तिकडे बेकायदा स्टेशन शोधत होते, इकडे मुंबईत बेकायदा स्टेशन बांधत होते.

आता त्या आकड्याकडे येऊ. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. त्याला ४२.३४ मीटरने भागले की उत्तर येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. सेकंदाला सत्तर लाखांहून अधिक आंदोलने.

या लहरीला हवेत नीट सोडायचे, तर सर्वांत साधा आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार. निम्मे म्हणजे २१.१७ मीटर, तारेतली लहर मोकळ्या हवेतल्यापेक्षा किंचित हळू जाते म्हणून प्रत्यक्षात साधारण २० मीटर, सुमारे ६६ फूट. ती मधोमध तोडून तेथे प्रक्षेपकाची जोड द्यायची आणि दोन्ही टोके चिनी मातीच्या इन्सुलेटरवर ताणायची. याला डायपोल म्हणतात. याहून आखूड तारही चालते, खाली कॉइल जोडून ती ‘फसवता’ येते, पण मग बरीचशी शक्ती हवेत जाण्याऐवजी त्या कॉइलमध्ये आणि जमिनीत उष्णता होऊन वाया जाते.

आता ही ६६ फुटांची गोष्ट गिरगावात कशी लपवायची, ते मनाशी पाहा. सामान खोक्यात घालून नेता येते. तार मात्र उघड्यावर, उंच आणि लांब लागते. त्यात एक सोय अशी होती की १९४२च्या मुंबईत गच्चीवर तार दिसणे नवलाचे नव्हते. व्हॉल्व्हच्या साध्या रेडिओलाही चांगले ऐकू येण्यासाठी बाहेर एरियल ताणावी लागे आणि दुसरी तार नळाला बांधून ‘अर्थ’ करावी लागे. सुखवस्तू वस्तीतल्या गच्च्यांवर अशा तारा असत. ऐकणारी तार आणि बोलणारी तार यांत रस्त्यावरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. माझ्या मते काँग्रेस रेडिओला मिळालेला सर्वांत मोठा आडोसा हाच.

तरीही एका जागी राहणे शक्य नव्हते. म्हणून मंडळी जागा बदलत राहिली. खटल्यात पुढे आलेले पत्ते मुंबईकराच्या ओळखीचे आहेत : चौपाटीची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचे लक्ष्मी भुवन, गिरगाव बॅक रोडवरची पारेखवाडी, महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅरडाइज बंगला. गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल रोड. लॅबर्नम रोड म्हणजे मणिभवनाचा रस्ता, जिथे गांधीजी मुंबईत उतरत असत! नकाशावर पाहिले तर हा सारा खेळ साधारण चार किलोमीटरच्या आत चालला.

याशिवाय त्यांनी ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी ठेवली. भाषण एकीकडे तबकडीवर मुद्रित व्हायचे, तबकडी दुसरीकडे नेऊन वाजवायची. तबकडी पिशवीत घालून ट्रामने नेता येते आणि एक जागा पकडली गेली तरी दुसरी वाचते.

जागा बदलणे म्हणजे मात्र नुसते सामान हलवणे नव्हे, हे हॅम मंडळींना लगेच उमगेल. नव्या जागी तार नव्याने ताणायची, तिची उंची बदलली, जवळ लोखंडी खांब किंवा पत्र्याचे छप्पर आले की तिचा स्वभाव बदलतो. प्रत्येक वेळी प्रक्षेपकाची जुळणी पुन्हा करायची. जुळणी करताना प्रक्षेपक चालू ठेवावा लागतो आणि चालू प्रक्षेपक म्हणजे शोधणाऱ्याला दिलेली हाक.

शेजारी हा दुसरा धोका. जवळच प्रबळ प्रक्षेपक असला की घरगुती रेडिओ गोंधळतो. आपण काटा मुंबई स्टेशनवर ठेवला असला तरी शेजारचा आवाज मध्येच घुसू शकतो, कारण तीव्र लहर रेडिओच्या निवडीच्या भागाला वळसा घालून थेट आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि तेथेच तिचे ध्वनीत रूपांतर होते. भिंतीला भिंत लागून असलेल्या वाडीत, वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या रेडिओवर बातम्यांच्या मध्येच गुप्त स्टेशन वाजू लागणे, हे गुप्ततेच्या दृष्टीने काही बरे नव्हे. प्रक्षेपण रोज थोडाच वेळ चाले आणि पुढे ते केवळ संध्याकाळवर आले, ही सावधगिरी या दृष्टीनेही योग्यच होती.

मुंबईच्या कोलाहलाने त्यांना काही प्रमाणात मदतही केली असणार. येथे कोलाहल म्हणजे कानांना ऐकू येणारा नव्हे, तर रेडिओला ऐकू येणारा. १९०७पासून शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या. वरच्या तारेला टेकलेला ट्रामचा दांडा उसळला की निळी ठिणगी उडे, आणि ठिणगी हाच तर जगातला पहिला रेडिओ प्रक्षेपक! जगातली पहिली बिनतारी स्टेशने ठिणगीवरच चालत. ट्रामची ठिणगी कोणत्याही एका मीटरवर न राहता सगळीकडे खरखर पसरवते. त्यात १९२५पासून विजेवर धावू लागलेल्या लोकल गाड्या, ब्रश घासत फिरणाऱ्या मोटारी, लिफ्टचे स्विच, रस्त्यावरच्या मोटारगाड्यांचे प्लग. १९१५ साली खोपोलीहून टाटांची वीज आल्यावर परळ-लालबागच्या गिरण्यांतही विजेची यंत्रे वाढत गेली. ज्यांनी जुन्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे की स्टेशन ऐकणे म्हणजे या खरखरीतून आवाज निवडून काढणे.

आता शोध घेणाऱ्या बाजूने पाहू. पोलिसांकडे दिशाशोधक उपकरणे असलेली व्हॅन होती. तिचे तत्त्व सोपे आहे. तारेचे एक उभे वेटोळे घ्या आणि ते रेडिओला जोडून हळूहळू फिरवा. वेटोळ्याची कड स्टेशनकडे असली की आवाज मोठा. त्याचे तोंड स्टेशनकडे वळले की आवाज एकदम पडतो. हा ‘पडण्याचा’ क्षण फार तीक्ष्ण असतो, म्हणून दिशा त्यावरूनच ठरवतात. नकाशावर त्या दिशेने रेघ ओढायची. मग दुसऱ्या जागी जाऊन तेच करायचे. दोन रेघा जिथे छेदतात तिथे स्टेशन.

कागदावर इतके सोपे असताना जवळपास अडीच-तीन महिने स्टेशन चाललेच कसे? याचे उत्तर गिरगावच्या घरांमध्ये आहे.

समजा व्हॅन दोन किलोमीटरवर उभी आहे आणि तिची दिशा केवळ ५ अंशांनी चुकते आहे. दोन किलोमीटरवर ५ अंश म्हणजे एका बाजूला सुमारे १७५ मीटर, दोन्ही बाजू धरल्या तर ३५० मीटरचा पट्टा. मलबार हिलवर ३५० मीटरमध्ये मोजके बंगले येतील. गिरगावात तेवढ्यात कित्येक वाड्या येतात, प्रत्येक वाडीत चाळी, प्रत्येक चाळीत बिऱ्हाडे. दरवाजा कोणाचा ठोठावणार?

बरे, मग जवळ जावे. जवळ गेले की वेगळेच संकट. ४२.३४ मीटरचा चौथा हिस्सा होतो १०.६ मीटर. तीन मजली इमारतीच्या वळचणीपासून जमिनीपर्यंत येणारा पावसाच्या पाण्याचा लोखंडी नळ साधारण एवढाच उंच असतो. पाव तरंगलांबीचा, खाली जमिनीला टेकलेला लोखंडी दांडा म्हणजे स्वतःच एक उत्तम एरियल. तो आलेली लहर झेलतो आणि पुन्हा बाहेर फेकतो. जिने, कठडे, विजेच्या तारा, ट्रामची वरची तार हे सगळेच थोड्याफार प्रमाणात असे करतात. वेटोळे फिरवणाऱ्या शिपायाला मग एका स्टेशनाऐवजी दहा दिशांनी स्टेशन ऐकू येते. शहराच्या दाटीत दिशा चुकते ती अशी.

तिसरी अडचण आकाशाची. हीच लहर वर जाऊन आयनावरणावर आपटून परत येते आणि शेकडो किलोमीटर दूर उतरते, म्हणूनच काँग्रेस रेडिओ मुंबईबाहेरही ऐकू जाई. पण वरून आलेली लहर साध्या वेटोळ्याला चकवते, विशेषतः संध्याकाळनंतर. या दोषावर उपाय म्हणून फ्रँक अॅडकॉक या इंग्रज अभियंत्याने उभ्या खांबांची रचना काढून १९१९ साली तिचे पेटंट घेतले. पण ती मोकळ्या मैदानात उभारायची गोष्ट. अरुंद रस्त्यावर गाडीत बसवायची नव्हे.

चौथी अडचण सर्वांत साधी. स्टेशन बोलत असेल तेवढ्याच वेळात हे सारे करायचे. ते बंद झाले की व्हॅनमध्ये बसून नुसती ट्रामची खरखर ऐकायची.

सरकार स्वस्थ मात्र बसले नव्हते. स्टेशनावर आवाज टाकून ते झाकण्याचे प्रयत्न झाले. पोलीस रोज प्रक्षेपण ऐकत आणि शब्दन् शब्द उतरवून घेत. या कामाचा एक अनपेक्षित लाभ आपल्याला झाला आहे. काँग्रेस रेडिओ काय बोलला, हे आज आपल्याला मोठ्या प्रमाणात ठाऊक आहे ते पोलिसांच्या या नोंदींमुळेच. खटल्यात पुरावा म्हणून जपलेले कागद इतिहासाचे साधन झाले.

शेवटी स्टेशन सापडले ते १२ नोव्हेंबर १९४२ रोजी. मला जे पटते ते असे की निर्णायक ठरली ती व्हॅन नव्हे, तर माणूस. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. दिशाशोधकाने ३५० मीटरचा पट्टा दिला असता. दरवाजाचा क्रमांक जाणकार माणसाने दिला.

त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडल्याचे उषाबेनना कळले होते. तरीही ठरलेले प्रक्षेपण करायचेच म्हणून त्या आणि चंद्रकांत झवेरी पारेखवाडीत गेले. पुढचा प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे : कार्यक्रमाच्या शेवटी ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असताना दारावर थापा पडल्या, एकामागून एक दारे फोडून पोलीस आत आले, आणि तबकडी थांबवण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही.

प्रिंटर यांच्याविषयी दोन शब्द. समाजमाध्यमांवर त्यांच्या नावापुढे एकच शिवी लिहून विषय संपवण्याची पद्धत आहे. ती मला अपुरी वाटते. त्यांची साक्ष सहकाऱ्यांना महागात पडली, हे खरेच. पण त्यांनी बांधले नसते तर साक्ष देण्याजोगे काही उरलेच नसते, हेही तितकेच खरे. इतिहासात ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या खाली लिहावी लागतात.

विशेष न्यायालयात पाच जणांवर खटला चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. चौकशीत उषाबेननी उत्तरे देण्याचे नाकारले. त्यांची रवानगी येरवड्याला झाली आणि १९४६ साली सुटका झाली. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ज्या लॅबर्नम रोडवर एकेकाळी त्यांचे गुप्त स्टेशन होते, त्याच रस्त्यावरच्या मणिभवनाच्या कामात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या होत्या. ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

आता त्या आकड्याचे आज काय झाले, तेही सांगतो. ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ हा पट्टा भारतात आज हौशी रेडिओसाठी खुला आहे. म्हणजे काँग्रेस रेडिओची जागा, ७.०८, बरोबर त्याच्या आत पडते. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवला की तिथे उघडपणे, आपले नाव आणि गाव सांगून बोलता येते. दादर-गिरगावच्या गच्चीवर २० मीटर तार ताणायला आज पोलिसांची भीती नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी मात्र लागते, आणि ती मिळवणे कधी कधी अधिक कठीण.

ट्रामची ठिणगी ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम थांबली तेव्हा विझली. तिची जागा घराघरांतल्या स्वस्त एलईडी दिव्यांनी, मोबाइलच्या चार्जरांनी आणि इन्व्हर्टरांनी घेतली आहे. यांच्या आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्याची खरखर घरातल्या वायरिंगवरून, म्हणजे भल्या मोठ्या एरियलवरून, बाहेर पडते. गणपतीत आणि दिवाळीत तोरणे लागली की सात मेगाहर्ट्झवर ऐकणे नकोसे होते.

ही खरखर शोधायची हॅम मंडळींची रीत मोठी गमतीची आहे. आधी बॅटरीवरचा रेडिओ चालू ठेवून आपल्याच घराचा मुख्य स्विच पाडायचा. खरखर थांबली तर चोर घरातच. मग एकेक एमसीबी चढवत पाहायचे की कोणत्या खोलीबरोबर ती परत येते. थांबली नाही, तर हातात तारेचे छोटे वेटोळे घेऊन जिन्यातून, मग वाडीतून फिरायचे. वेटोळे वळवायचे, आवाज पडला ती दिशा लक्षात ठेवायची, दहा पावले पुढे जाऊन पुन्हा वळवायचे. लोखंडी नळाजवळ आवाज उगाच वाढतो, त्याला फसायचे नाही. शेवटी ज्या बिऱ्हाडाच्या दारापाशी खरखर सर्वांत मोठी, तिथली कडी वाजवून म्हणायचे, “काकू, तुमच्या देवघरातला तो दिवा जरा दोन मिनिटं बंद करून पाहता का?”